आठ डोळ्यांच्या विटा

धसई, रविवार, ७ डिसेंबर २००३

चि. वैष्णवीस बाबांचा आशीर्वाद.

दिवाळीनंतर तुला हे तिसरं पत्र. आधीच्या दोन्हींना उत्तर नाही. शेणवा, तुझं सासर, काही विलायतेत नाही. मुरबाडहून शहापूरची गाडी धरली की दीड-दोन तासांत माणूस पोचतो, मग एका कार्डाला महिना का लागावा? पोस्टमनला दोष द्यावा तर तो लोकांच्या लग्नपत्रिका बिनचूक आणून देतो. म्हणजे आळस तुझाच. तू माझ्यावर रागावली आहेस हे मला समजतं. मीही रागावलोय, पण मी लिहितो. एवढा फरक ध्यानात ठेव.

घरी सगळं ठीक. भात झोडून झालं, पेंढा रचला. तुझी आई कमी बोलते. सप्टेंबरात डेपोतून रिटायर झाल्यापासून मी दिवसभर घरात असतो, त्याचा तिला जाच होत असावा. तीस वर्षं एसटीच्या गिअरबॉक्सात हात घातले, आता सकाळ-दुपार विटा. लोक ओट्यापाशी थांबून विचारतात, "कुंडलिकदा, पोरगी सासरी गेली, आता खेळणी कोणासाठी?" मी सांगतो, माझ्यासाठी. पूर्वी लाज वाटायची म्हणून तुझं नाव पुढे करायचो. तू सात वर्षांची होतीस तेव्हा कल्याणहून पहिला डबा आणला तो तुझ्या नावावर, आणि उघडला मी. एकीवर एक ठेवली की टक् करून बसणाऱ्या त्या प्लास्टिकच्या विटा पाहिल्या आणि मला दुसरं काही सुचेना. मी तुला त्यांना हात लावू दिला नाही असं तू मामाकडे बोललीस, ते माझ्या कानावर आलंय. देत होतो की. हात धुतलेले असले तर देत होतो.

आता तेरा डबे झालेत. काही विटा म्हशाच्या जत्रेतल्या, बाकी कल्याणच्या भंगारवाल्याकडच्या. बाहेरदेशची टाकलेली खेळणी पोत्यांनी येतात त्याच्याकडे, त्यातून निवडून आणलेल्या. आईच्या चाळणीनं चाळतो, बारक्या खाली आणि मोठ्या वर. वीट ओळखायची ती तिच्या पाठीवरच्या गोल उंचवट्यांवरून. मी त्यांना डोळे म्हणतो. आठ डोळ्यांची, चार, दोन आणि एका डोळ्याची. जितके डोळे, तितक्याचा डबा.

तर सांगायचं ते असं, की तुझं शेणव्याचं घर बांधायला घेतलंय. लग्नात एकदाच पाहिलं, पण गाडी एकदा उघडली की कुठला बोल्ट कुठे ते मी विसरत नाही, तसंच घराचं. ओटी, माजघर, मागे चूल, माजघराला एक खिडकी. भिंतींना पिवळ्या पडलेल्या पांढऱ्या विटा वापरल्या, जुन्या चुन्यासारख्या दिसतात. काल चौकट बसवली. आपल्याकडे चौकट उभी राहिली की घर रिकामं ठेवत नाहीत. ठेवलं तर ज्याला घर नाही ते येऊन राहतं, असं आजी सांगायची. मला गंमत सुचली. उंबऱ्यावर चार दाणे तांदूळ टाकले, विटांबरोबर येते तसली बोटाएवढी, लांब केसांची एक बाहुली ओटीवर उभी केली आणि म्हटलं, ही आमची वैशू. झाली घरभरणी.

आई दाराशी उभी होती. म्हणाली, "जित्या माणसाच्या नावानं बाहुली बसवतात का? काढा ती."

"अगं, खेळ आहे."

"तुमचा खेळ," म्हणाली आणि विहिरीवर निघून गेली.

पत्र लिही. आईसाठी तरी लिही.

तुझे बाबा

धसई, बुधवार, २४ डिसेंबर २००३

चि. वैष्णवी,

रागावतेस ती किती? मी तुझ्या वयाचा असताना वडिलांवर एकदा रागावलो होतो, दोन वेळा जेवलो नाही, तिसऱ्या वेळी आपणहून पाटावर जाऊन बसलो. असो.

एक विचारायचं आहे, आणि हसू नकोस. तुझ्या माजघराची खिडकी बुजवली आहे का?

कारण असं. मागच्या आठवड्यात सकाळी पडवीत गेलो तर टेबलावरच्या घरात ओटीवरची बाहुली नाही. शोधली तर माजघरात. पाठ भिंतीला लावून बसलेली. या बाहुल्यांचे पाय कमरेत वाकतात, ते वाकवल्याशिवाय बसत नाहीत. उंदीर म्हणावा तर उंदीर बाहुली पळवील, तिला बसवणार नाही. मी ती उचलून पुन्हा ओटीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा माजघरात.

शुक्रवारी दुपारी जेवून ओट्यावर आडवा झालो होतो. ऊन इतकं स्वच्छ पडलेलं की आवारातली कोंबडीही सावलीला गेलेली. आणि पडवीतून आवाज आला. टक्. तुला माहीत आहे तो आवाज. वीट विटेवर बसल्याचा. थोड्या वेळानं पुन्हा, टक्. दाबून बसवणाऱ्याला घाई नसली की येतो तसा. मी उठलो नाही. का उठलो नाही ते मला सांगता येत नाही. चार वाजता आत गेलो तर माजघराची खिडकी बंद. आठ डोळ्यांच्या विटा, सांधे मोडून, म्हणजे सांध्यावर सांधा येऊ न देता रचलेल्या, जशा मी रचतो तशाच. मला लाज वाटते सांगायला, पण पहिला विचार आला तो हा, की काम चांगलं झालंय.

आईला विचारलं. ती तांदूळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "मला काय ठाव तुमच्या विटांचं?"

तर खिडकीचं कळव. नसेल बुजवली तर मी उघडून ठेवतो. माजघरात उजेड हवा.

बाबा

धसई, शनिवार, १० जानेवारी २००४

वैशू,

हे पत्र मी दोनदा फाडलं. आता नीट लिहितो.

एक तारखेला सकाळी टेबलावरच्या घरात माजघराच्या दारावर कडी होती. बाहेरून. दारावर आडवी बसवलेली लाल वीट, एका डोळ्याची. वैशू, एका डोळ्याची लाल वीट माझ्याकडे आयुष्यात एकच होती, पहिल्या डब्यातली, आणि ती तू नऊ वर्षांची असताना हरवलीस. मी तीन दिवस तुझ्याशी बोललो नव्हतो. आई मध्ये पडली तर तिच्यावरही खेकसलो होतो. बारा वर्षांनी ती वीट माझ्यासमोर आली आणि मला तिला हात लावायचा धीर होईना. वाटलं, लावला तर ती गरम लागेल.

दिवसभर ओट्यावर बसून राहिलो, आणि तुझं दिवाळीतलं बोलणं आठवलं. आठवलं म्हणजे विसरलो नव्हतोच. आधीच्या पत्रांत मी लिहिलं की तू चार दिवस राहिलीस आणि गेलीस. तू गेली नाहीस. मी तुला पाठवलं. तू चुलीपाशी बसून म्हणालीस, "बाबा, ते कामावर जाताना माजघराला बाहेरून कडी लावतात. सासू संध्याकाळी काढते." मी काय म्हणालो? "कडी वाऱ्यानं पडत असेल. सगळ्यांच्या घरात काही ना काही असतं." तू म्हणालीस, मी परत जाणार नाही. मी तुझी पिशवी उचलली, तुला मुरबाडच्या स्टँडवर आणलं, डेपोतल्या ओळखीनं खिडकीजवळची सीट मिळवून दिली आणि म्हटलं, "आता आलीस तर नवऱ्याबरोबर ये. एकटी आलीस तर हे दार तुला नाही." गाडी सुटेपर्यंत थांबलोही नाही. डेपोत एकाशी गप्पा मारत होतो.

वर त्या दोन पत्रांत तुझ्या आळसाबद्दल लिहिलं. हे मी कुठल्या तोंडानं लिहिलं ते मलाच माहीत.

पौर्णिमेला, बुधवारी, म्हशाच्या जत्रेला गेलो. आईला चल म्हटलं, ती नाही आली. बैलबाजारात उगाच फिरलो. खेळण्यांच्या दुकानांपुढे पहिल्यांदाच काही घ्यावंसं वाटलं नाही. संध्याकाळी पाचला परत आलो तर माजघराचं दार सताड उघडं, लाल वीट टेबलावर बाजूला ठेवलेली, आणि बाहुली घरात नाही. टेबलाच्या पार कडेला होती, तोंड बाहेर करून.

मी तिला पुन्हा आत ठेवली नाही. एवढं तरी केलं.

बाबा

धसई, रविवार, १८ जानेवारी २००४

वैशू,

सगळं तुझ्या आईनं केलेलं होतं.

काल दुपारी मी मुद्दाम बाजारात जातो म्हणून निघालो आणि मागल्या आवारातून परत आलो. आई टेबलापाशी उभी होती. हातात बाहुली. तिला टेबलाच्या कडेवरून उचलून पदरानं पुसत होती, लहान मूल पुसावं तशी. मला बघून दचकली नाही. मीच दचकलो.

"जने, हे तू?"

"मग कोण? भूत?"

"खिडकी तू बुजवलीस? कडी तू घातलीस?"

"पोरगी चार दिस माझ्या कुशीत झोपली. खिडकी कशी बुजवली, कडी कुठं, सगळं सांगितलं तिनं. तुमाला सांगाया गेले तं तुमी चाळण हलवीत व्हता. तीन टायम सांगितलं. नुसतं हां हां." आईचा आवाज चढला नव्हता, तेच जास्त लागत होतं. "तुमी माणसाचं आयकत नाय. विटांचं आयकता. मंग म्हटलं, विटांत सांगू."

मी लाल विटेचं विचारलं. हसली. बरं नव्हतं ते हसणं.

"ती काय हरवली नव्हती. वैशूच्या पेटीत व्हती, बांगड्यांच्या खाली. तुमची येक तरी वस्तू आपली असावी, म्हणून ठेवली व्हती तिनं. मी तवाच बघितली व्हती, तुमाला दिली नाय."

तीन दिवस नऊ वर्षांच्या पोरीशी बोललो नाही, त्या विटेपायी. मी खाली बसलो. आई म्हणाली, जत्रेच्या दिवशी तिला राहवेना. "किती दिस ठेवायची आत? म्हटलं, आपल्या हातानं तरी सोडवू. कडी काढली न् तिला बाह्यर ठेवली."

परवा, मंगळवारी, पहिल्या गाडीनं मी शेणव्याला येतोय. तुला न्यायला. हे पत्र तुला माझ्याआधी मिळालं तर पिशवी भरून ठेव. नाही मिळालं तरी हरकत नाही, तशीच चल.

बाबा

धसई, बुधवार, २१ जानेवारी २००४

वैशू,

पत्ता काय घालू? लिहितोय खरा.

काल दहा वाजता तुझ्या सासरी पोचलो. जावई जयरामराव कामावर. तुझी सासू ओटीवर वाल सोलत होती. मला एकट्याला बघून तिनं माझ्या मागे पाहिलं आणि म्हणाली, "पोरीला नाय आनली?"

मी म्हटलं, "तिला न्यायला आलोय."

मग म्हणाली, "ती तं तुमच्याकडं हाय ना?"

पौर्णिमेला घरची सगळी म्हशाला गेली होती. तुला आत ठेवून. संध्याकाळी परत आली तर कडी निघालेली आणि तू नाहीस. "आमी म्हटलं बापाकडं गेली. जाऊ द्या म्हटलं. मागल्या टायमाला धाडलीत तशी धाडाल परत, म्हणून वाट बघत व्हतो." असं म्हणाली, वाल सोलता सोलता.

दोन आठवडे, वैशू. दोन आठवडे त्यांना वाटत होतं तू माझ्याकडे आहेस आणि मला वाटत होतं तू त्यांच्याकडे आहेस. पुढे ती म्हणाली, "विहिरीत बघितली का?" मी त्यांच्या विहिरीत बघितलं. गावच्या विहिरीतही बघितलं. पाणी स्वच्छ होतं, तळातली कळशी दिसत होती.

मग माजघर बघितलं. बुजवलेली खिडकी बघितली. गिलावा नाही, खऱ्या विटा, सांधे मोडून रचलेल्या. मी थर मोजले. सवय. टेबलावरच्या घरात जितके होते तितकेच. तुझ्या आईला तू थर मोजून सांगितले होतेस का? मी तिला रात्री विचारलं. तुला तर कधी मोजायची सवय नव्हती. आई म्हणाली, ती हाताला आलं तसं रचत गेली.

निघताना सासूनं माझीच पत्रं माझ्या हातात दिली, दिवाळीपासूनची सगळी, एकही न फोडलेलं. म्हणजे माझी फुशारकीही तुला पोचली नाही आणि माझी कबुलीही.

स्टँडवर बसलो होतो. शेजारी एक म्हातारा येऊन बसला, काळा, वाळलेला, कमरेला कोयता. "तू वैशूचा बाप ना?" म्हणाला. त्याचं नाव पोश्या. गावाबाहेरच्या कातकरवाडीतला, तुझ्या सासऱ्याच्या शेतावर मजुरीला जातो.

"पोर जिती हाय," तो म्हणाला. "हातपाय धड हायत."

मी त्याचा हात धरला. तो त्यानं सोडवून घेतला. मी म्हटलं, "कुठे आहे? मला ने."

"नाय नेणार. तू परत धाडशील."

मी भर स्टँडवर शपथा घातल्या. तो ऐकत होता, पावसाचं ऐकावं तसं. मग एवढंच सांगितलं, की जत्रेच्या दिवशी दुपारी त्याची लेक सरू लाकडाचा भारा घेऊन तुमच्या मागल्या दारानं गेली, तर तू अंगणात उभी. वाडीतली माणसं त्याच सांजेला वीटभट्टीच्या कामाला निघणार होती, तू त्यांच्या ट्रकात बसलीस. मी विचारलं, कडी सरूनं काढली का? म्हातारा म्हणाला, "ती बोलते, नाय. ती गेली तवा निघालेलीच व्हती."

मग कोणी काढली, वैशू? घरात तर कोणी नव्हतं. तू आतून काढू शकत नव्हतीस, मी ती कडी हातानं बघितली आहे. आईला हे सांगितलं. ती स्वतःच्या हातांकडे बघत बसली.

उद्या पोश्या धसईच्या बाजाराला येणार आहे. ही सगळी पत्रं तारखेप्रमाणे लावून त्याच्याकडे देतोय. आधीची दोन वाचू नकोस, नुसती ओरड आहे. वाचलीस तरी चालेल. मी तसाच आहे, ते झाकून काय उपयोग.

मी चुकलो. तू चुलीपाशी सांगितलंस तेव्हाच मला खरं वाटलं होतं. खरं वाटलं तर काहीतरी करावं लागलं असतं, म्हणून मी खोटं वाटून घेतलं.

बाबा

धसई, बुधवार, ४ फेब्रुवारी २००४

वैशू,

काल पोश्या तुझा निरोप घेऊन आला. ओट्यावर बसला, पाणी प्याला, मग म्हणाला, "पोर बोलते, आयला धाडा. बाबांना नको."

मी विचारलं, पत्रं वाचली का? म्हणाला, सगळी वाचली, दोन दिवस वाचत होती. आणखी काही म्हणाली? म्हणाला, नाही. थोड्या वेळानं माझी कीव आली असावी, म्हणून सांगितलं, "थापीला हात बरा हाय तिचा. कोना सरळ येतो."

तू खऱ्या विटा थापतेस. मला त्याचा अभिमान वाटला आणि लगेच रडूही आलं, पोश्यासमोरच. तो दुसरीकडे बघत राहिला. कुठल्या भट्टीवर आहेस ते मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. खरं लिहायचं तर दोनदा विचारलं.

आई उद्या सकाळी त्याच्याबरोबर निघते. तुझ्यासाठी दोन लुगडी, तांदळाचं पीठ, सुकट आणि ती लाल वीट घेतली आहे. लाल वीट तिनं मला विचारून घेतली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं माझ्या विटांतलं काही मागितलं. मी म्हटलं, वैशूचीच आहे ती.

"तुमी जेवाल ना नीट?" म्हणाली.

"जेवीन."

"न् ते घर मोडून ठेवा आता. झालं त्याचं काम."

मोडतो म्हटलं. हे पत्र तिच्याच हाती देतोय.

बाबा

धसई, रविवार, २२ फेब्रुवारी २००४

वैशू,

पोश्या पुढच्या बाजाराला येईल, तोवर हे पत्र लिहून ठेवतो. आई पंधरवड्यात परत येईन म्हणाली होती. अजून आली नाही, तू ठेवून घेतली असशील. बरं केलंस. आता पुढचं नीट वाच आणि तिला वाचून दाखव.

आई गेली त्याच दिवशी मी घर मोडलं. एकेक वीट सोडवली, धुतली, उन्हात सुपात वाळवली, डोळे बघून डब्यांत टाकली. टेबल पुसून घेतलं. सगळ्या बाहुल्या वेगळ्या डब्यात, झाकण लावून.

त्यानंतरच्या रविवारी, भर दुपारी, मी ओट्यावर वर्तमानपत्र वाचत होतो. पडवीतून आवाज आला. टक्.

मी हाक मारली, "जने?" मारल्यावर लक्षात आलं, की आई इथे नाही.

त्या दिवशी टेबलावर चार भिंतींचे दोन थर होते. मी मोडून ठेवले. सोमवारी पुन्हा. मोडले. मागच्या दाराला कुलूप लावलं, पुढच्या दारात स्वतः खाट टाकून बसलो, सबंध दुपार, डोळ्याला डोळा न लावता. आतून टक्, टक्, सावकाश, घाई नसलेल्या हातानं. कोंबडा ओरडत होता, रस्त्यानं बाजाराच्या बाया बोलत जात होत्या आणि माझ्या पाठीमागे कोणीतरी बांधत होतं. मी मान वळवली नाही. संध्याकाळी बघितलं. डब्यांची झाकणं लावलेली होती तशीच.

आठवडाभर मी मोडत गेलो. मग मोडायचं सोडलं. का ते तुला सांगतो, कारण खोटं लिहून झालंय पुष्कळ. मला बघायचं होतं कसं होतंय ते. काम फार सुबक होतं, वैशू. कोपरे माझ्यापेक्षा चांगले वळवलेले.

काल पुरं झालं. शेणव्याचं घर नाही ते. आपलं आहे. ओटा, पडवी, पडवीत टेबल, टेबलावर दोन डोळ्यांची एक एवढीशी वीट, म्हणजे घरातलं घर. आणि आपल्या माजघराला दार आहे. आपल्या माजघराला दार कधी नव्हतं, तुला माहीत आहे, नुसती चौकट आहे. इथे दार आहे, आणि दाराबाहेर टोपीवाला माणूस उभा आहे. एसटीच्या ड्रायव्हरसारखा दिसतो म्हणून मी तो कल्याणहून हौसेनं आणला होता. त्याचा हात वर केलेला आहे, कडी असते तिथे. आत एक बाई भिंतीला पाठ लावून बसली आहे. बाई लांब केसांची नाही, तुझ्या आईसारखी अंबाड्याची आहे.

मी डबे पोत्यात भरले आणि काळू नदीवर निघालो. पाण्याशी उभा राहिलो. मग काय केलं ठाऊक आहे? पोतं खाली ठेवलं, त्यातल्या आठ डोळ्यांच्या पिवळ्या विटा तेवढ्या वेगळ्या काढल्या, कारण तशा आता मिळत नाहीत. मग चार डोळ्यांच्या काढल्या. तासाभरानं सगळ्या परत आत भरून पोतं होतं तसंच डोक्यावर घेऊन घरी आलो. वाटेत एकानं विचारलं, "काय कुंडलिकदा, काय आणलंत?" मी म्हटलं, विटा. आणि मला बरं वाटलं, वैशू. डबे परत फळीवर लावताना मला खरोखर बरं वाटलं.

तेव्हा कळलं, की ज्याला घर नाही असं काही येऊन राहिलेलं नाही इथे. मीच आहे. कोण बांधतंय ते मला ठाऊक नाही, पण जे बांधलंय ते खरं आहे. तुला त्यांनी माजघरात ठेवलं म्हणून मी त्यांना दोष देतो, आणि चौदा वर्षं तुझी आई माझ्या डब्यांच्या पलीकडे उभी राहून बोलत होती, तिला मी हां हां म्हणत होतो. कडी दिसली नाही एवढंच.

आई तुला सांगेल की घरी म्हातारा एकटा आहे, त्याच्या जेवणाचे हाल होत असतील, जाऊन येते. तिचं लुगडं धर. सरूला सांग, पोश्याला सांग, ट्रकवाल्याला सांग. मी शिकेन भात लावायला, त्याची काळजी करू नका. मी तिथे येणार नाही, आणि विचारणारही नाही तुम्ही कुठे आहात ते.

तुला मी एकदा परत पाठवलं. तू आईला पाठवू नकोस.

बाबा